खुर्ची वेगळी बांधा, मूल वेगळं: व्हॅनवाल्या काकांना, मावशींना आणि गॅरेजवाल्या दादांना खुलं पत्र

व्हॅनवाले काका, व्हॅनमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावशी, आणि गाडीला रॅम्प बसवून देणारे दादा, सगळ्यांना नमस्कार.

मी वारज्यात राहते. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, मान आणि कंबर फार वेळ सावरत नाही, म्हणून दिवसभर व्हीलचेअर. शाळा विशेष मुलांची, घरापासून नऊ किलोमीटरवर. सकाळी व्हॅन येते, मागचा दरवाजा उघडतो, पत्र्याचा रॅम्प खणकन खाली पडतो आणि खुर्च्या एकामागोमाग आत ढकलल्या जातात. तीन खुर्च्या, शिवाय सीटवर बसू शकणारी पाच मुलं.

गेल्या फेब्रुवारीत बायपासच्या सर्व्हिस रोडवर एक दुचाकीवाला उलट्या दिशेने आडवा आला. काकांनी ब्रेक मारला. मारायलाच हवा होता, नाहीतर ते पोरगं चाकाखाली गेलं असतं. गाडीचा वेग तीस-पस्तीसच्या वर नव्हता, आणि ती कशावर आदळलीही नाही. सीटवरची मुलं पुढे झुकली नि पुन्हा मागे टेकली. माझा मुलगा मात्र खुर्चीसकट आडवा झाला.

दोर तुटला नव्हता, काका. मला आज बोलायचंय ते त्याच्याबद्दलच. नायलॉनचा चांगला दोर होता, गाठही पक्की होती. पण तो एकाच ठिकाणी बांधलेला होता, खुर्चीच्या मागच्या डाव्या बाजूला. ब्रेक लागताच खुर्ची पुढे निघाली. डावी बाजू दोराने धरून ठेवली, उजवी सुटली, आणि गाठीभोवती गरकन फिरून खुर्ची कुशीवर कोसळली. समोरच्या ट्रेवर त्याचं तोंड आपटलं. एक दात तुटला, खालच्या ओठाला चार टाके पडले. तो घसरू नये म्हणून मावशींनी मायेने त्याच्या छातीभोवती ओढणी बांधली होती. ती सरकत सरकत गळ्याशी आली होती. दात आणि टाके मी विसरेन, ती ओढणी नाही.

हॉस्पिटलात काका माझ्यापेक्षा जास्त रडले. म्हणून सुरुवातीलाच सांगते, हे तक्रारीचं पत्र नाही. तक्रार करायचीच तर पहिलं नाव माझं लिहावं लागेल. तो दोर मी रोज सकाळी पाहत होते. दोनतीनदा हाताने ओढूनही बघितला होता आणि ‘घट्ट आहे’ म्हणून निवांत घरी वळले होते.

त्यानंतरचे चार महिने मी या एकाच विषयाच्या मागे लागले. जे कळलं ते लिहिते. आधी मावशींचं एक वाक्य घेते, कारण ते मी प्रत्येक व्हॅनमध्ये, प्रत्येक रुग्णवाहिकेत ऐकलं आहे. ‘तुम्ही काळजी करू नका ताई, मी धरते.’

मावशी, माझ्या मुलाचं वजन ३२ किलो आणि त्याच्या खुर्चीचं १९. मिळून ५१. नुसता करकचून ब्रेक लागला तरी हे ओझं तीस-पस्तीस किलोच्या जोराने पुढे झेपावतं. तेवढं कदाचित तुम्ही सावराल, तेही पाय रोवून उभ्या असाल आणि तयारीत असाल तर. पण गाडी आदळली तर? परदेशात वाहनात वापरायच्या व्हीलचेअरची आणि ती बांधायच्या पट्ट्यांची चाचणी करतात, तेव्हा ताशी ४८ किलोमीटरच्या वेगातून जवळपास जागच्या जागी थांबण्याचा धक्का देतात. निमिषभर प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या वीसपट जोराने पुढे जाऊ पाहते. ५१ किलोचे तेव्हा एक हजार वीस होतात. एक टन. तेवढं दोन हातांनी कोण धरणार? ४८चा वेग म्हणजे काही हायवेचाही वेग नाही. हिशोबाने तो नऊ मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याइतका आहे. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर पोराला बसवून ‘मी धरते’ असं आपण कुणीच म्हणणार नाही. गाडीत मात्र म्हणतो, कारण गाडीत उंची दिसत नाही.

दुसरं वाक्य चाकांच्या ब्रेकबद्दलचं. ‘ब्रेक लावलेत, हलणार नाही.’ व्हीलचेअरचे ते दोन खटके उतारावर खुर्ची घरंगळू नये म्हणून असतात. चाक अडतं, खुर्ची अडत नाही. ती तशीच्या तशी घसरते किंवा उलटते. ब्रेक लावायचेच, पण त्यांना बांधण्यात मोजायचं नाही.

आता बांधणं. यात दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकात मिसळतो, सगळा घोळ तिथे होतो. खुर्ची गाडीला बांधायची. मग माणूस गाडीला बांधायचा. माणूस खुर्चीला बांधून खुर्ची गाडीला बांधली, की माणसाचंही सगळं ओझं खुर्चीवर येतं, आणि खुर्चीचा एखादा नट निसटला तर दोघंही जातात. आपल्या व्हॅनमध्ये तर नेमकं तेच होतं. दोर खुर्चीला, ओढणीही खुर्चीलाच.

खुर्चीला चार पट्टे लागतात. दोन पुढून, दोन मागून, प्रत्येक पट्टा गाडीच्या फरशीतल्या पक्क्या कडीला किंवा खाचेच्या पट्टीला अडकवलेला. समोरून धक्का बसला तर सगळा ताण मागच्या दोन पट्ट्यांवर येतो, म्हणून ते जमिनीशी ३० ते ४५ अंशांत, लांबवर तिरके हवेत. पुढचे दोन थोडे उभे चालतात, ४० ते ६० अंश. पुढच्या कड्या खुर्चीच्या रुंदीपेक्षा थोड्या बाहेरच्या बाजूला असल्या की वळणावर खुर्ची डोलत नाही. आमची खुर्ची फेब्रुवारीत ज्या कुशीवर पडली, ती अशा बांधणीत पडली नसती.

पट्ट्याचा आकडा कुठे अडकवायचा, हे त्याहून महत्त्वाचं. चाकाच्या आऱ्यांत नाही. खुर्चीच्या हातावर नाही, तो उपसून येतो. पायटेकूवर तर मुळीच नाही. जिथे सांगाड्याचे दोन पाइप वेल्डिंगने जुळलेत, त्या सांध्यालगत मुख्य पाइपावर अडकवायचा. बाहेरदेशी चाचणी झालेल्या खुर्च्यांवर अशा चार जागांवर आकड्याचं चित्रच छापलेलं असतं. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या खुर्च्यांवर ते नसतं, कारण त्या गाडीत सीट म्हणून वापरायला बनवलेल्याच नसतात. ही गोष्ट कडू आहे, पण लपवून उपयोग नाही. म्हणून जे मूल, जी आजी, जे आजोबा गाडीच्या सीटवर बसू शकतात, त्यांना उचलून सीटवर बसवा, गाडीचाच पट्टा लावा आणि रिकामी खुर्ची घडी करून बांधून ठेवा. ‘असू दे खुर्चीवरच, कशाला त्रास’ असं आपण चांगुलपणाने म्हणतो. तो त्रास घ्यायला हवा. डायलिसिसला जाणाऱ्या किती तरी आजी चार पावलं धरून चालू शकतात, तरी त्या खुर्चीवरच बसून कॅबमध्ये जातात. खुर्चीवरून प्रवास फक्त ज्यांना दुसरा इलाजच नाही त्यांनी करावा, आमच्यासारख्यांनी.

पट्टे कुठले? ताणणारे रबरी, स्कूटरवर सामान बांधायचे, ते अजिबात नकोत. ते धक्क्यालाच ताणले जातात आणि मग गोफणीसारखे परत ओढतात. टेम्पोवाले माल आवळतात ते रॅचेटचे पट्टे दोरापेक्षा बरे वाटतात, मलाही वाटले होते. पण ते मालासाठी आहेत, आणि जास्त आवळले तर घडीच्या खुर्चीचा सांगाडाच वाकवतात. व्हीलचेअरसाठीचे पट्टे वेगळे येतात, आणि चार पट्टे नि माणसाचा पट्टा यांचा संचच मिळतो. घेताना त्यावर आयएसओ १०५४२ हे मानक लिहिलेलं आहे का बघा. संच महाग आहे, खरं. त्याबद्दल पुढे बोलते.

आता माणसाचा पट्टा. आमच्या खुर्चीला कंबरेशी एक पट्टा आहे, वेल्क्रोचा, मऊ, निळा. तो त्याला सरळ बसवायला आहे. मूल त्यात नीट बसतं, म्हणून सगळ्यांना, मलाही, तोच सीटबेल्ट वाटायचा. वेल्क्रो तर तो झटकन लाडाने ओढला तरी सुटतो! तो राहू द्या, पण त्याच्यावरून गाडीला बांधलेला वेगळा पट्टा हवाच. एक पदर मांडीवरून, एक खांद्यावरून, आपल्या कारमध्ये असतो तसाच.

मांडीवरचा पदर पोटावर नको. पोट मऊ असतं, आतडी, यकृत सगळं तिथे. पट्टा खाली, मांडी आणि कंबरेच्या सांध्यात, दोन बाजूंच्या हाडांवर टेकलेला हवा. आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो: पट्टा खुर्चीच्या हातांवरून घेतो. मग तो अंगाला टेकतच नाही, पुलासारखा वर तरंगत राहतो. हातांच्या आतून, बाजूच्या फटीतून ओवून घ्या. चार बोटं घालायला वेळ लागतो, पण तेवढ्यासाठीच पट्टा आहे. खांद्याचा पदर खांद्याच्या मधोमध, मानेला घासत नाही असा, आणि त्याची वरची कडी खांद्याच्या वर नि मागे गाडीला बसवलेली. तो खुर्चीच्या पाठीला बांधला की पुन्हा तीच ओढणीची गत.

ट्रे काढून वेगळा ठेवायचा. आमच्या ट्रेवर खाऊ, पाटी, गोष्टीचं पुस्तक सगळं असायचं आणि तो काढला की मुलगा ओरडायचा, म्हणून कुणी काढतच नव्हतं. आता त्याला मांडीवर एक कापडी ससा देतो. दप्तर, पाण्याची स्टीलची बाटली, कुणाचं घशातला कफ ओढायचं सक्शन मशीन, हे सगळं गाडीला बांधून. स्टीलच्या बाटलीचं वजनही वीसपट होतं. डोक्यामागे टेकू असेल तर तो लावायचा, विशेषतः ज्यांना मान धरवत नाही त्यांना. मागून धक्का बसला तर मानेला तेवढाच आधार.

खुर्चीचं तोंड पुढे. गाडीच्या भिंतीला पाठ लावून आडवं बसवलं की जागा वाचते, चार खुर्च्या मावतात, हे मला कळतं. पण आडव्या बसलेल्या माणसाचं अंग समोरच्या धक्क्याला कुशीकडे पिरगळतं, आणि खांद्याचा पट्टा अशा वेळी मदत करायच्या ऐवजी मानेत रुततो. तीन खुर्च्या पुढे तोंड करून नीट बसत असतील तर चौथी त्या फेरीत नको, दुसऱ्या फेरीत. इथे कुणी म्हणेल, मोठ्या शहरी बसमध्ये व्हीलचेअर मागे तोंड करून उभी करतात, ती कशी चालते? चालते, आणि लंडनच्या काळ्या टॅक्सीतही प्रवासी मधल्या भिंतीला पाठ लावून मागे बघत बसतो. पण तिथे पाठीमागे मुद्दाम बनवलेला पाठटेकू असतो, आणि कित्येक टनांची बस गर्दीत सावकाश चालते, धडकली तरी तिला बसणारा धक्का लहान व्हॅनइतका मोठा नसतो. आपल्या व्हॅनमध्ये खुर्ची उलटी फिरवली की पाठीमागे फक्त मोकळी हवा असते.

गॅरेजवाल्या दादा, आता तुमच्याशी. रॅम्प तुम्ही उत्तम करता, बिजागरी, चौकड्यांचा पत्रा, स्प्रिंग, सगळं. पण कड्या? मी तीन गाड्या बघितल्या. दोघींमध्ये कड्या फरशीच्या पत्र्यावर नुसत्या वेल्डिंगने चिकटवल्या होत्या. फरशीचा पत्रा एखाद दुसऱ्या मिलिमीटरचा, आणि कडीवर येणार टनाचा ताण. कडी तुटणार नाही हो, पत्र्याचा तुकडा घेऊन उपटून येईल. बोल्ट फरशीतून आरपार काढा आणि खालून जाड लोखंडी पाटी द्या, म्हणजे ताण मोठ्या जागेवर पसरेल. शक्य तिथे गाडीच्या चासीच्या आडव्या पट्ट्यांना धरून. भोक पाडण्याआधी खाली सीएनजीची टाकी, डिझेलची नळी, ब्रेकची नळी कुठून जाते ते बघा. हे तुम्हाला मी सांगावं लागू नये, पण एका गाडीत बोल्ट नळीपासून दोन बोटांवर होता. बोल्टही चांगल्या ताकदीचे, कोपऱ्यावरच्या दुकानात वजनावर मिळणारे नकोत.

परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनाही दोन ओळी. कायदा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याच्या ४१व्या कलमात वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. बसगाड्यांत व्हीलचेअर आत घेण्याची आणि ती जागेवर अडकवण्याची सोय हवी, हा नियम १ मार्च २०२० पासून आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य बांधणी न करता नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाने हजार रुपये दंड आहे. म्हणजे माझा अकरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी कायद्यानेही बांधलेला हवा होता. मला दंड नकोय. एवढंच करा, या गाड्या फिटनेसच्या तपासणीला येतील तेव्हा तुमच्या निरीक्षकाने एक रिकामी खुर्ची आत घेऊन ती बांधून दाखवायला सांगावं आणि हाताने हलवून बघावं. चांगली बांधलेली खुर्ची दोन-तीन सेंटिमीटरच्या वर हलत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

सीटबेल्ट मागेही लावतात, हे आपल्याला २०२२च्या ४ सप्टेंबरला, पालघरजवळ चारोटीत उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला तेव्हा कळलं. गाडी महागातली महाग. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर कितीतरी घरांत मागच्या सीटवरच्या माणसाला ‘पट्टा लावा हो’ म्हणायची सवय लागली. खुर्चीवरच्या माणसाला मात्र अजून कुणी म्हणत नाही, कारण तो बसलेलाच असतो ना, तेही आपल्या खुर्चीत!

वेळ आणि पैसा, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. चार पट्टे आणि एक माणसाचा, नवख्या हाताला पाच-सहा मिनिटं लागतात, सराव झाला की तीन. तीन खुर्च्यांचे पंधरा मिनिटं धरा. शाळेची घंटा साडेआठला, व्हॅन सव्वासातपासून फिरतेय, आणि वारजे पुलाखाली ट्रॅफिक कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून घाई होते, घाईत दोन पट्टे लागतात आणि दोन जमिनीवर लोळतात. यावर काकांना दटावून उपयोग नाही. मी शाळेत सांगितलं, आम्ही पालकांनी मिळून सांगितलं, की या व्हॅनची मुलं दहा मिनिटं उशिरा आली तर त्यावर शेरा मारू नका. शाळेने मान्य केलं. आणि आम्हीही आधी खाली येऊन उभे राहू, ट्रे काढलेला, वेल्क्रो लावलेला, शू करून झालेली. काका हॉर्न वाजवत उभे आणि आई वरून ‘आलेच’ ओरडतेय, हे आता नाही.

पैशांचं असं, पट्ट्यांच्या तीन संचांचे पैसे आम्ही तीन घरांनी भरले, एकाने थोडे कमी, एकाने थोडे जास्त. तो काही कायमचा मार्ग नाही हे मला माहीत आहे. दर महिन्याच्या व्हॅनच्या फीमध्ये दिवसाला दोन रुपये वाढवून हे व्हायला हवं, संस्थांनीच ते करायला हवं. पण जूनची वाट बघत मी आणखी एक संस्था शोधत बसणार नव्हते.

पट्टे तीन गोष्टींनी बिघडतात, तेही सांगून ठेवते. खाचेत माती आणि बिस्किटांचा चुरा जाऊन बकल अडकतं, ते दर शनिवारी ब्रशने साफ करायचं. पट्टा पिळलेला असेल तर तो सरळ करून लावायचा, पिळलेला पट्टा एका धारेवर रुततो. आणि एकदा खरोखर धडक झाली, तर ज्या पट्ट्यांनी माणूस वाचवला ते पट्टे काढून टाकायचे, ‘चांगलेच दिसतायत की’ म्हणून परत वापरायचे नाहीत.

तर काका, येत्या सोमवारी शाळा उघडते. सव्वासातला आम्ही गेटवर असू. पहिल्या दिवशी आमची खुर्ची शेवटी घ्या, मला बाकीच्या दोघांची बांधणी बघायची आहे, मावशींना दाखवायचीही आहे. मागच्या पट्ट्यांपासून सुरुवात करायची. आमच्या खुर्चीच्या पाइपांवर चार ठिकाणी लाल नेलपॉलिश लावलंय, माझंच आहे. आकडे तिथे अडकवायचे.

आपली,
एक आई, वारजे, पुणे